स्टड सोडवताना बोलायचं नाही

बाबा जुना नटबोल्ट फेकत नाहीत, डब्यात टाकतात. खांदा कॉलनीतल्या आमच्या गॅरेजमध्ये किस्सेही असेच साठतात. शाळेतून आले की मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते. फारशी बोलत नाही, त्यामुळे ऐकू सगळं येतं. या महिन्यात डबा एकट्या बाळारामकाकांनी भरला!

काका नेऱ्याचे. त्यांच्या जुन्या गाडीचं शुक्रवारी आरटीओत पासिंग होतं. नापास झाली तर थेट भंगार. याच गाडीतून त्यांनी दोन्ही लेकी दवाखान्यातून घरी आणल्या होत्या. आठवडाभर त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

*

सोमवारी म्हणाले, "इंजिनातून टिकटिक येते."

बाबांनी गाडी चालू केली. टिकटिक नाहीच!

"आवाज कुठाय, काका?"

"घरी हाय!"

खरंच होतं ते. धुराचा पाईप इंजिनाला जोडतात तिथे फट पडली होती. इंजिन तापलं की ती मिटायची, आणि नेऱ्याहून येईपर्यंत ते तापायचंच. शेवटी गाडी मुक्कामाला ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन टिकटिकायला लागलं.

*

फट नेमकी कुठे ते शोधायला बाबा उदबत्ती लावतात. जिथे तिचा धूर थरथरतो, तिथे लीक. बाबा इंजिनाभोवती उदबत्ती फिरवत होते, मी टॉर्च धरला होता.

समोरच्या मावशी आल्या. चपला काढल्या, हात जोडून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, "प्रसाद?"

*

तो जोड स्टडनी आवळलेला असतो. स्टड म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, अर्धे इंजिनात रुतलेले. वर्षानुवर्षं तापून त्यांचे नट गंजतात आणि जोर लावला की स्टडच तुटतो. म्हणून बाबांचा नियम आहे, "स्टड सोडवताना कोणी बोलायचं नाही. हाताला कळलं पाहिजे."

मला हा नियम सोपा जातो. काका मात्र गाडीला प्रदक्षिणा घालत होते. "सुटला का? दादा, सुटला का?"

टक्!

अर्धा स्टड बाबांच्या पान्यात, अर्धा इंजिनात. बाबांचा चेहरा पांढरा पडला.

काका आनंदाने ओरडले, "सुटला!"

*

गुरुवारी बाबांनी इंजिनात अडकलेल्या तुकड्यावर नवा नट वेल्डिंगने चिकटवला. काकांना गेटबाहेर पाठवलं. मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये तेल. मीसुद्धा श्वास रोखला होता.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. गेटबाहेरून काका!

"सुटला का?"

*

तो सुटला. नवा स्टड बसला, जोडाच्या फटीत नवं पॅकिंग बसलं, टिकटिक गेली. शुक्रवारी आम्ही आरटीओत गेलो. काका साहेबांना सगळी स्टडपुराणं सांगत बसतील, ही बाबांना धास्ती. झेरॉक्स काढायला जाताना त्यांनी बजावलं, "काका, साहेबांसमोर एक शब्द बोलायचा नाही!"

साहेब लगेच आले. "गाडी कोणाची?"

काका गप्प.

"नाव काय?"

काकांनी ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे पाहिलं. साहेब पेनाचं टोपण लावायला लागले. बाबांचा पत्ता नव्हता.

मग मीच बोलले. नाव, गाव, गाडीचा नंबर, नवा स्टड, नवं पॅकिंग, मावशी, उदबत्ती. थांबताच येईना! साहेबांनी गाडी चालू करायला लावली, वाकून पाहिलं, कागदावर सही केली.

"लेक फार बोलकी आहे हो तुमची!"

तेव्हा कुठे काकांनी तोंड उघडलं.

"लय बोलते, सायेब!"