बाळकृष्णमामांचे दोन अँप्लिफायर

तंजावुरात मेलवीधीच्या मागच्या गल्लीत बाळकृष्णराव राहतात. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट होते आणि घरी आले की अँप्लिफायर बांधत बसायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, नात्याने ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नाहीत. पापनाशम, कुंभकोणम, पार कालव्याकाठच्या खेड्यांतून लोक ऑटोत स्पीकर घालून त्यांच्याकडे यायचे. कुठल्या स्पीकरला कुठला अँप्लिफायर हे मामांनी सांगितलं की विषय संपला.

आणि सांगायची रीत तरी कशी! "हें डबडें कोण विकला तुम्हांस?" हे आमच्या जुन्या तंजावरी मराठीत त्यांचं स्वागत. मी बँकेत लागलो तेव्हा हौसेने मोठे स्पीकर घेतले आणि मामांचं बघून बाय-अँपिंग करायला गेलो. म्हणजे एकाच स्पीकरमधल्या वूफरला, जाड आवाजाला, एक अँप्लिफायर आणि ट्वीटरला, बारीक आवाजाला, दुसरा. अशा स्पीकरच्या पाठीला चार खुंट्या असतात, वरच्या दोन आणि खालच्या दोन पितळेच्या पट्ट्यांनी जोडलेल्या. त्या पट्ट्या आधी काढायच्या असतात. मी शहाण्याने काढल्या नाहीत. दोन्ही अँप्लिफायर एकमेकांना भिडले आणि एकातून धूर निघाला. मामा आले, वास घेतला आणि माझ्या आईसमोर म्हणाले, "वेंकटेशा, पट्टी काढायाची अक्कल नाहीं, आणि तुज दोन अँप्लिफायर पाहिजेत?" राग आला, पण त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो. इतकं तोंडावर खरं बोलणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता.

मामांचा नियम सोपा होता. वूफरला ताकदीचा अँप्लिफायर, शंभर वॅटचा. ट्वीटरला लहान पण स्वच्छ, पंचवीस वॅट खूप झाले. दर रविवारी मामांच्या घरी जोडणी लावून बघायची, शेवटचा निकाल मात्र त्यांच्या बायकोचा, विनुतामामींचा. मामी आतल्या दाराशी स्पीकरांकडे पाठ करून फुलं बांधत बसायच्या. बारीक आवाज जास्त झाला की म्हणायच्या, "टोंचतें." मामा बटण मागे फिरवायचे. गाणं संपलं की ते दाराशी जायचे, आणि मामी "बरें आहे" म्हणाल्या की गिऱ्हाईक सामान न्यायला मोकळं. मामींना वूफर कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण लोकांचा भरवसा त्यांच्या कानावर.

पाच वर्षांपूर्वी एका रविवारी मामी म्हणाल्या, "टोंचतें." मामांनी आवाज उलट वाढवला. "अय्यो, टोंचतें कीं!" मामा गिऱ्हाइकासमोर भडकले. "तुझ्या कानांस कांहीं झालें आहे," म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी मामींना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने तपासलं, कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. परत येताना मामा वाटभर त्या डॉक्टरला नावं ठेवत होते. स्वतःचेही कान तपासून घ्यावेत हे त्यांच्या मनातही आलं नाही, आणि सुचवायची छाती ना मामींची, ना माझी.

त्या दिवसापासून मामी दर रविवारी "बरें आहे" म्हणू लागल्या. मीही म्हणू लागलो. मला ऐकू येत होतं. झांजा कानात घुसत होत्या, गाणाऱ्या बाईच्या तोंडातला प्रत्येक 'स' सुईसारखा टोचत होता. मामांना मात्र बारीक आवाज दर वर्षी बुजलेला वाटायचा, मग ते ट्वीटरचा अँप्लिफायर बदलायचे. पंचवीसचा चाळीस, चाळीसचा साठ. बटण पुढेपुढेच जायचं. ज्या माणसाने मला माझ्या आईसमोर गाढव ठरवलं, त्याला मी खरं सांगू शकलो नाही. मोठ्या माणसाचा मान राखतोय असं मी स्वतःला समजावायचो. तो मान नव्हता, निव्वळ भित्रेपणा होता.

गेल्या वर्षी पापनाशमचे अनिरुद्धराव आले, निवृत्त हेडमास्तर. बरोबर त्यांची सून साईप्रिया. मामांनी त्यांच्यासाठी कागदावर लिहून दिलं होतं: ट्वीटरला शंभर वॅट, वूफरला साठ. तीस वर्षं पाळलेला नियम त्यांनी उलटा केला होता आणि त्यांना ते जाणवलंही नव्हतं. कागद माझ्या हातात होता. मी घडी करून परत दिला.

गाणं लागलं. अर्ध्या मिनिटात साईप्रियाने दोन्ही हात कानांवर ठेवले. "बंद करा मामा, सोसत नाहीं! तुम्हांस ऐकूं येत नाहीं काय हें?"

अनिरुद्धराव तिच्यावर डोळे वटारू लागले. मामांनी गाणं थांबवलं. ते रागावले नाहीत, खुर्चीतूनच हसत म्हणाले, "पोरीस सवय नाहीं. विनुता, तूं सांग."

दाराशी मामी फुलं बांधत होत्या. त्या वळल्या नाहीत.

"विनुता!"

मामींनी दोऱ्याला गाठ मारली आणि पुढचं फूल उचललं. मामा उठून दाराशी गेले. त्यांची सावली पुढ्यात पडली तशी मामींनी वर बघितलं, त्यांचा चेहरा बघितला, आणि घाईघाईने पदराआडून दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले. "काय म्हटलात?" त्यांनी विचारलं.

मामांनी त्या बोळ्यांकडे बघितलं. अनिरुद्धराव सुनेला घेऊन निघून गेले.

"केव्हांपासून?" मामांनी विचारलं.

"डॉक्टरकडे नेलात, तेव्हांपासून," मामी म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मामा माझ्याकडे वळले. "तुजही ठाऊक होतें?" मी होय म्हणून मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त खाली बसले.

पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन निघाले, चार वर्षांत लावून दिलेली घरं गाठायला. चूक आपल्या हातची आहे, आपणच दुरुस्त करायची, एवढंच म्हणाले. टाउन बस, ऑटो, दोन खेड्यांत माझ्या स्कूटरवर मागे बसून. सात घरं झाली. दुरुस्त करायला कुठे काही उरलंच नव्हतं. कुणी ट्वीटरच्या अँप्लिफायरचं बटण शून्यावर आणून ठेवलं होतं, कुणी पितळी पट्ट्या परत लावून एकाच अँप्लिफायरवर काम भागवलं होतं. एका घरात तर प्लगच काढलेला होता, आणि मालक मामांच्या हातात कॉफीचा टंबलर देत सांगत होता, "रोंब नल्ला इरुक्कु, मामा." खूप छान चाललंय म्हणे! मामांनी कॉफी प्यायली, त्याचे आभार मानले आणि बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी कपाटातला आवाज मोजायचा जुना मीटर काढला, ज्याला ते जन्मभर हसले. त्याचा माइक खुर्चीवर ठेवला, पंचवीस वॅटचा अँप्लिफायर ट्वीटरला जोडला, आणि काटा बघत दोन्ही आवाज जुळवले. मग वीणा लावली. इतकी गोड वीणा मी त्या घरात चार वर्षांत ऐकली नव्हती. मामी दार सोडून खोलीत आल्या आणि पहिल्यांदाच स्पीकरांकडे तोंड करून बसल्या.

"आतां?" मामांनी विचारलं.

"बरें आहे," मामी म्हणाल्या. "खरेंच बरें आहे हो."

"चार वर्षें हेंच म्हटलीस." मग माझ्याकडे बघून, "तूं?"

"मामा, देवाशपथ सांगतों, फार चांगलें आहे."

"तूंही हेंच म्हटलास."

वीणा चालू होती. मामांनी हात लांब करून आधी वरचा अँप्लिफायर बंद केला, मग खालचा.

"आतां कोणास विचारूं, सांग," ते म्हणाले.

मामी उठून आत गेल्या. मला अख्ख्या गल्लीत खरं सांगणारं एकही नाव सुचेना.