बाबांच्या ठेवीचं मूल्यांकन

दोन वर्षांपूर्वीची पोळ्याची कर, म्हणजे सणाचा दुसरा दिवस. रक्कम एक लाख वीस हजार. हजर तिघं: बाभुळगावची मोठी बहीण, पुण्याचा धाकटा भाऊ आणि मी. जागा यवतमाळचं माझं घर. बायको स्वयंपाकघरात होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता, पण मला यात धरू नका असं तिनंच सांगितलं होतं, म्हणून धरत नाही.

रक्कम वडिलांची. ते बकऱ्यांचे व्यापारी होते. आर्णी, नेर, बाभुळगाव असे बाजार त्यांनी चाळीस वर्षं केले. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. मरताना तिघांच्या नावे मुदत ठेव ठेवून गेले. पावतीला टाचलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'हे पैसे मुक्या जिवांसाठी द्यावे.' कोणते जीव, काहून, काही नाही. तिघांच्या सह्यांशिवाय ठेव मोडणार नव्हती.

करीचा दिवस म्हणजे घरात मटण. भावानं सहा वर्षांपूर्वी सोडलं होतं, त्याच्यासाठी वेगळं वरण होतं. जेवणाआधीच त्यानं लॅपटॉप उघडला. परदेशात म्हणे एक मंडळ आहे. जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्था तपासायच्या आणि कुठं दिलेला रुपया जास्त जीव वाचवतो ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी वरच्या रांगेत बसवलेली एक संस्था त्यानं निवडली होती. ती पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवायच्या मांसासाठी काम करते.

संस्था मांस तयार करते का, मी विचारलं. नाही म्हणाला. शास्त्रज्ञांना एकत्र आणते, संशोधन सगळ्यांना फुकट देते, नियम करायला सरकारदरबारी बसते. म्हणजे मांस एक तोळाही नाही, हे मी तिथंच बोलून घेतलं.

बहीण बावीस शेळ्या पाळते. त्यांच्या जिवावर तिनं दोन्ही पोरी शिकवल्या. ती ताटं मांडत होती. मग भाऊ म्हणाला, "बाबाले पश्चात्ताप झालता ताई. म्हून तर चिठ्ठी लिहिली."

"तुले सांगतलं का त्यानं?" तिनं ताट खाली ठेवलं. "शेवटचे दोन महिने मी होती त्याच्यापाशी. मले विचारे, काळी शेळी व्याली का म्हून. तू तवा पुण्यात गवत खाऊन राह्यला होता."

त्या दिवशी जेवण कोणाचंच धड झालं नाही. भाऊ अहवाल छापून ठेवून गेला.

मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा गटसचिव, म्हणजे हिशेब सांभाळणारा. आठ दिवस पेन्सिल घेऊन तो अहवाल वाचला, आणि लपवत नाही, चूक पकडायच्या इराद्यानंच वाचला. जुन्या अहवालातला हिशेब असा होता: असं मांस बाजारात यशस्वी होण्याची शक्यता किती, झालं तर किती जनावरं वाचतील, त्यात या संस्थेचा वाटा किती. तीन अंदाज घ्यायचे आणि गुणायचे. खालचा आणि वरचा आकडा यांत एवढं अंतर, की आमच्या सोसायटीत असा ताळेबंद निघाला असता तर ऑडिटरनं माझी नोकरी खाल्ली असती. नव्या अहवालात त्यांनी हा गुणाकारच टाकून दिला होता. आता गुण देतात: आजवर काय केलं, जास्तीचा पैसा खरंच वापरता येईल का, संस्था चालते कशी, कर्मचारी समाधानी आहेत का. आणि हे ठरवायची बरीचशी माहिती त्या संस्थेनंच दिलेली. विकणाऱ्यानंच बकरीचं वय सांगायचं आणि घेणाऱ्यानं दात पाहायचे नाहीत, असला व्यवहार.

मी मंडळाला पत्र लिहिलं. भाचीनं इंग्रजी करून दिलं. संस्था नसती तरी हेच संशोधन झालं नसतं कशावरून? मला वाटलं उत्तर येणार नाही. आलं. हे खात्रीनं सांगता येत नाही, आमचा निर्णय चुकीचा असू शकतो, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. मी ते भावाला फोनवर वाचून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच.

तो म्हणाला, "दादा, तू गोरक्षणाले दरवर्षी अकराशे देतोस. त्यायले कधी एक तरी प्रश्न विचारला का?"

विचारला नव्हता. चौदा वर्षं दिले होते. माझा बेत वडिलांचा पैसा तिथंच द्यायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो. वर्षात जनावरं किती आली, किती मेली, चारा किती लागला, एवढंच विचारलं. व्यवस्थापक खुर्चीतून उठला. "तुमी दान द्यायले आले का धाड टाकायले?" मेलेल्या जनावरांची नोंद ठेवतच नाहीत असं त्यानं वर ऐकवलं. मी बाहेर पडलो. भावावर माझा राग त्या व्यवस्थापकापेक्षा जास्त होता.

दिवाळीनंतर तिघं पुन्हा बसलो. मी सांगून टाकलं की माझ्याकडं दुसरी जागा नाही. ते मांस कधी कोणाच्या ताटात पडेल यावर माझा विश्वास नाही, पण विचारल्यावर उत्तर देणारे तेवढेच निघाले. भावानं लगेच अर्ज काढला. त्यात 'कोणाच्या स्मरणार्थ' असा रकाना होता आणि त्यानं बाबांचं नाव आधीच भरून आणलं होतं. संस्था ते नाव आपल्या यादीत छापणार होती.

बहिणीनं अर्ज वाचायला लावला, पूर्ण ऐकला.

"पैसा कुठंही द्या," ती म्हणाली. "माह्या शेळ्या काही उद्या बंद नाही होत. पण बाबाचं नाव तिथं नाही. जन्मभर ज्या धंद्यावर त्यानं आपल्याले खाऊ घातलं, तो पाप होता असं त्याच्याच नावानं छापून आणता? माही सही नाही."

भाऊ म्हणाला नाव नसेल तर देण्यात अर्थच काय. मी त्याला विचारलं, नावानं किती जनावरं वाचतात, तुझ्या मंडळाच्या हिशेबानं सांग. मी पुन्हा विचारलं. त्यानं अर्ज उचलला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला.

अडीच महिने फोन नाही. मग नवा अर्ज टपालानं आला, तो रकाना कोरा ठेवून. बहिणीला बोलावलं. तिनं दोनदा बोट फिरवून रकाना पाहिला, बँकेच्या फॉर्मवर सही केली, चहाला थांबली नाही. भावानं राखीला फोन केला तेव्हा तिनं घेतला नाही.

ठेव व्याजासह एक लाख सव्वीस हजार चारशे निघाली. सगळी रक्कम त्या संस्थेच्या भारतातल्या शाखेला दिली. पावती तिघांच्या नावे आहे. बाबांचं नाव तिच्यावर कुठंही नाही.