कंटेनरची ओटी

उरणकडच्या बंदरावर सरकारने पाण्यासारखा पैसा ओतला आहे, हे आमच्या कळंबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तो कशावर ओतला हे बघायला मात्र नव्वदचं दशक सरत आलं तरी कोणी गेलं नव्हतं. मी गेलो. शेजारच्या दादाभाऊंची द्राक्षं पहिल्यांदाच परदेशी निघाली होती, आणि मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असल्यामुळे साहेबलोकांशी बोलू शकेन, असा त्यांचा समज होता.

नारायणगावच्या शीतगृहात पेट्या भरल्या. रीफरचं (माल गार ठेवणाऱ्या कंटेनरचं) दार लागलं, कडीत तार ओवली गेली आणि तारेवर शिशाचा सरकारी शिक्का बसला. तिथले साहेब म्हणाले, "बंदरापर्यंत ही तार तुटता कामा नये. तुटली तर माल जहाजावर चढणार नाही." जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होतं. दादाभाऊंनी मान डोलावली, मीही डोलावली, आणि आम्ही ड्रायव्हरशेजारी चढून बसलो.

आळेफाट्याला ड्रायव्हर मिसळ खायला उतरला. तिथे दादाभाऊंची आळ्याला दिलेली थोरली बहीण, शांताक्का, नवऱ्याला घेऊन उभ्या होत्या. हातात ताट, ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, चोळीचा खण.

"दार उघड, दादा. ओटी भरायची हाय."

"बॉनेटवर ठिव ना, आक्का. तारेवर सरकारी शिक्का हाय."

"बॉनेटवर ओटी भरत्यात व्हय? तुला लेक न्हाई. लेकरावानी बाग वाढवली, हीच तुजी लेक. ती सासरी चालली, आन् मी आत्या असून तिला रिकाम्या ओटीनं धाडू? सरकारला बहीण न्हाई का?"

दादाभाऊ माझ्याकडे बघू लागले. इंग्रजीचा इथे उपयोग नव्हता. तेवढ्यात आक्कांच्या यजमानांनी, दाजींनी, खिशातून छाटणीची कात्री काढली. आमच्या भागात द्राक्षांच्या हंगामात ती रुमालासारखी खिशात असते. दादाभाऊ नको म्हणाले नाहीत. तार तुटली आणि आतून गार हवा बाहेर आली.

"लई गारठ्यात बसवली रं पोरीला," आक्का म्हणाल्या. पुढच्या पेटीवर त्यांनी खण, तांदूळ, नारळ ठेवले आणि डोळ्याला पदर लावला. दादाभाऊंनी तोंड फिरवलं. दाजींनी मांडवावर वेल बांधतात तशी तारेची सुबक गाठ मारून दिली.

ड्रायव्हर मिसळ खाऊन आला. गाठ बघून तो परत हॉटेलात गेला आणि चहा पिऊन आला. "आता बंदरावर बघू," एवढंच म्हणाला.

ओतूर, मढ मागे पडलं आणि माळशेज घाट लागला. मार्चातला घाट म्हणजे वाळकं गवत आणि खाली धुरकट कोकण. जवळच नाणेघाट आहे. जुन्या काळी जुन्नरचा माल त्या वाटेने बंदराला जायचा आणि घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात पडायची, असं सांगतात. त्या रांजणाला शिक्का नव्हता, हे मी दादाभाऊंना सांगितलं. ते हसले नाहीत. आक्कांनी दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा मी एकट्यानेच संपवला.

बंदरावर आधी समुद्र दिसतच नाही. दिसतात त्या माडांहून कितीतरी उंच क्रेन आणि अख्ख्या गावठाणाएवढ्या आवारात रचलेले कंटेनर. फाटकावरच्या साहेबांनी गाठ निरखली. मी इंग्रजीत सुरुवात केली.

"मराठीत सांगा," ते म्हणाले. साहेब साताऱ्याचे होते.

"ओटी भरली."

"कोणाची?"

"कंटेनरची."

साहेबांनी दार उघडून ओटी पाहिली. मग म्हणाले, बाहेरचे तांदूळ आत चालत नाहीत, सगळ्या पेट्या पुन्हा तपासाव्या लागतील. ओटीचा नारळ माघारी नेत नाहीत, म्हणून ड्रायव्हरने सगळी ओटी आपल्या गमछ्यात घेतली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, हे मी पाहिलं.

तपासणी होऊन नवी तार बसेपर्यंत सकाळ झाली होती. जहाज खाडीतून बाहेर पडताना आम्हाला कुंपणातून दिसलं. पुढचं जहाज आठवड्याने.

दादाभाऊ तिथेच जमिनीवर बसले. "आठ दिवसांत मनुकं व्हत्याल, गुरुजी."

साहेबांनी आम्हाला आत एका रांगेपाशी नेलं. प्रत्येक कंटेनरला मनगटाएवढी केबल लावलेली होती. आमच्याही कंटेनरला होती, आणि तो घुमत होता.

"लाईट गेली मंग?" दादाभाऊंनी विचारलं.

"इथे जात नाही."

"रातची?"

"रात्रीही नाही."

कळंबला तेव्हा मोटारीपुरती वीज रात्री यायची, आणि तीही मनात आलं तर. दादाभाऊंनी कंटेनरच्या दारावर तळवा ठेवला आणि तो चांगला गार पडेपर्यंत काढला नाही. सरकारचा पैसा कुठे गेला, ते मला तेव्हा दिसलं. मला फार बरं वाटलं.

परतीला एसटीने आळेफाट्याला उतरलो. आक्का स्टँडवर येऊन बसल्या होत्या.

"पोचली का रं पोरगी?"

मी जहाज चुकल्याचं सांगायला तोंड उघडलं. दादाभाऊंनी माझ्या पायावर पाय दिला.

"पोचली," ते म्हणाले. "पन आक्का, तिच्या सासरी लाईट जात न्हाई."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. "रातचीबी?"

"रात्रीही नाही," मी म्हणालो.

"मंग ओटी लाभली म्हनायची," असं म्हणून आक्का आळ्याच्या जीपकडे निघाल्या.