जाऊबाईंचं म्हातारपण

हे मी कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्याही नाही. तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणून जीभ वळते आहे — बघू, कुठवर वळते.

आमचं गाव आर्णीजवळ. कापसाची ती वाईट वर्षं होती. घरात गॅस आला होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. रोजचा स्वयंपाक चुलीवर, आणि जळण घरचंच — कापूस संपला की शेतातून उपटून आणलेल्या पऱ्हाटीचा ढीग अंगणात असायचा. पऱ्हाटी भुरकन पेटते, तशीच विझते. एकसारखी सारत बसावं लागतं, आणि धूर तर विचारू नका. घरची रीत अशी, की चुलीपाशी मोठ्या सुनेनं बसायचं. मोठी सून म्हणजे माझ्या जाऊबाई. मी धाकटी, त्यातून बारावी झालेली. बँक, दवाखाना, मुलांची शाळा माझ्याकडे. ही रीत मला फार सोयीची होती.

जाऊबाई माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठ्या. पण चाळिशीतच त्यांचे सांधे धरले, हिरड्या सुजायला लागल्या, सकाळी उठताना भिंत धरावी लागायची. मी त्यांना आर्णीला दवाखान्यात नेलं. रक्त तपासून झालं. त्या बाहेर बाकावर बसल्या आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं — शिकलेली म्हणून.

ते म्हणाले, अंगात बारीक सूज आहे. ताप येईल एवढी नाही, डोळ्यांना दिसणारही नाही. राखेखालच्या विस्तवासारखी वर्षानुवर्षं आत राहते, आणि माणूस वयाआधी म्हातारा होतो. कारणं पुष्कळ असतात, पण धूर आणि हिरड्या एवढं तरी आपल्या हातात आहे. दात दाखवून घ्या. आणि बाईंना चुलीपासून उठवा.

उठवा — आणि बसवा कुणाला? सासूबाईंना नीट दिसत नव्हतं. मग उरलं कोण?

मी बाहेर आले.

"काय म्हने वो डाक्टर?" जाऊबाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. वय झालं म्हन्ते. तेल चोयत जा."

"आतापासूनच?" एवढंच म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, तेव्हा लाज वाटली नाही.

हिरड्यांचं तरी सांगता आलं असतं की नाही? पण एक सांगितलं की दुसरं निघणार — म्हणून तेही गिळलं. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या चुलीपुढे बसल्या आणि मी त्यांच्या हातची गरम भाकर खाल्ली.

मला वाटलं होतं, खोटं एकदा बोललं की झालं. पण जाऊबाई त्याप्रमाणे वागायला लागल्या. हळदीकुंकवाला चला म्हटलं तर म्हणायच्या, "मले म्हातारीले कायले नेतं?" एका लग्नात कुणीतरी मला विचारलं, या तुमच्या सासूबाई का? जाऊबाई हसल्या. मीही हसले. तिथं बोलायला काय जात होतं माझं? — चूल माझ्याकडे आली असती.

आता गॅसवरच सगळं होतं. जाऊबाई खाटेवर असतात. मी बाजार करून येते, पायी. त्यांच्या पायांना तेल लावून देते, तर त्या मला आशीर्वाद देतात. तेल लावताना कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. पुढेही बोलेन असं वाटत नाही.

दवाखान्यातून आलो, त्याच वर्षीची दिवाळी. जाऊबाईंनी आपली पेटी उघडली आणि रंगीत लुगडी एकेक करून माझ्या मांडीवर ठेवली. वरती माहेरची डाळिंबी साडी होती, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "माह्या वयाले आता हे शोभत नाही," त्या म्हणाल्या. "तू नेस."

मी घडी मोडली, साडी नेसले, आणि आरशात पाहिलं. मला ती छान दिसत होती.