तुलनेसाठी घेतलेलं रक्त

गुलाबराव मरणाला भीत नव्हते. सगळी नोकरी केंद्राच्या एका बचाव पथकात गेलेली. कुठे भूकंप झाला, इमारत कोसळली, गोदाम पेटलं, की कमरेला दोरी बांधून आत शिरायचं आणि हाती लागेल त्याला बाहेर काढायचं. असा माणूस मरणाला काय भिणार? त्यांना भीती होती ती विसरण्याची.

ही भीती मागे लावून दिली श्यामकांतनं. श्यामकांत म्हणजे पथकातला त्यांचा जोडीदार, एकाच दोरीला दोघं लटकलेले. निवृत्त मंडळींच्या जेवणाला तो भेटला. दोनदा खीर मागून घेतली, तासभर गप्पा ठोकल्या आणि निघताना हात जोडून म्हणाला, "अच्छा, आपलं नाव नाही कळलं." गुलाबराव खो खो हसले. गडी गंमत करतोय असं त्यांना वाटलं. मग त्याच्या बायकोचा चेहरा पाहिला आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

तेव्हापासून गुलाबराव स्वतःवर पाळत ठेवून होते. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटल्यावर ते आणि कुमुदताई नोएडा एक्स्टेंशनमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आले होते. बिल्डरच्या जाहिरातीत सोसायटीसमोर तळं होतं. प्रत्यक्षात खड्डा आहे, पण पावसाळ्यात बिल्डरचा शब्द खरा होतो. मुलगी पुण्यात. घरात दोघंच, त्यामुळे कोण काय विसरलं हे लपायला जागा नाही.

आणि पुरावे तर रोज सापडत होते! "गॅसचा नंबर लावला का? सकाळी सांगितलं होतं ना तुम्हाला," असं कुमुदताई म्हणायच्या, आणि गुलाबरावांना ती सकाळ शोधूनही सापडायची नाही. जानेवारीत महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकावर गेली, तेव्हाही तेच. "पाण्याच्या बाटल्या घ्या, म्हणाले होते ना मी?" सगळ्या बसदेखत. गुलाबरावांनी मान खाली घातली. मनात म्हणाले, संपलं, लागला आपलाही नंबर श्यामकांतच्या मागे.

अशात दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळातून फोन आला. डॉक्टर देवयानी नावाच्या एक मराठी बाई आपत्तीत काम केलेल्या लोकांचं रक्त तपासत होत्या. ढिगाऱ्याची धूळ, आगीचा धूर अंगात गेलेल्या माणसांची बुद्धी लवकर मंदावते का, हा त्यांचा प्रश्न. रक्तात काही प्रथिनं असतात म्हणे, विसरभोळेपणा दिसू लागायच्या कितीतरी आधी ती वाढायला लागतात. सोबत त्यांच्या बायकांचंही रक्त हवं होतं. वय तेच, घर तेच, जेवण तेच, फक्त ढिगारा पाहिलेला नाही, म्हणून.

"काकू, तुमचं फक्त तुलनेसाठी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"घ्या की," कुमुदताई म्हणाल्या. "एरवी मला कोण विचारतंय!"

रक्त द्यायच्या आधी गुलाबरावांनी जी तयारी केली, ती मुनिरक्यात खोली घेऊन कलेक्टर व्हायला बसलेली पोरंही करत नसतील. रोज भिजवलेले बदाम. सगळ्या राज्यांच्या राजधान्या. एक ते तीसपर्यंत पाढे, तेही मोठ्यानं, बाल्कनीत उभं राहून. शेजारचे शर्माजी विचारायला आले, सब ठीक है ना? आता रक्त काय पाढे म्हणून दाखवणार होतं? पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार!

निकालाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कुमुदताईंसोबत डॉक्टरबाईंसमोर बसले होते.

"काका, तुमचं बिल्कुल ठीक आहे."

गुलाबरावांना त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती अजून कागदाकडेच बघत होती.

"काकूंचं वाढलंय. म्हणजे आजार झालाच असं नाही हं. वर्षभरानं पुन्हा बघू, कदाचित पुढे काही होणारही नाही. पण लक्ष ठेवायला हवं."

कुमुदताई म्हणाल्या, "माझं तर तुलनेसाठी होतं ना?"

गुलाबरावांच्या डोक्यात मात्र चक्र फिरू लागलं होतं. गॅसचं तिनं सांगितलंच नव्हतं. बाटल्यांचंही नव्हतं. ते कधीच काही विसरले नव्हते. दोन वर्षं ज्या बातमीसाठी देव पाण्यात ठेवले ती बातमी मिळाली होती आणि त्यांना ती परत करून टाकावीशी वाटत होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, धूळ, धूर, केमिकल, कशाशी कधी संबंध?"

"छे हो, मी घरीच. ह्यांचे ड्यूटीचे कपडे धुवायचे, तेवढंच."

"धोब्याकडे नाही द्यायचात?"

"धोबी घेईना. हे गुजरातच्या भूकंपाहून आले तेव्हा गाठोडंच होतं. आधी बाल्कनीत झटकायचे, लोट उठायचा नुसता. ते केमिकलचं गोदाम जळलं ना, तेव्हाचे तर चार पाण्यांतून काढले तरी वास जाईना."

"मशीन नव्हतं?"

"होतं ना! सत्त्याण्णवला घेतलं, गल्लीत पहिलं. पण ड्यूटीचे कपडे त्यात घालायचे नाहीत, असं ह्यांनी सांगून ठेवलं होतं. खडी जाऊन ड्रम खराब झाला असता. मशीन टिकलं मात्र छान."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर गुलाबरावांनी सोसला असता. हे त्यांना सोसेना.

"मॅडम," ते म्हणाले, "हिला तुलनेतून काढा. आमच्यात घाला."

"असं नाही करता येत, काका. कपड्यांमुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. आणि काकू कधी ड्यूटीवर गेल्या नव्हत्या."

"नव्हती गेली. ड्यूटी मीच घरी आणून देत होतो तिला. गाठोडं बांधून."

"अहो, चला," कुमुदताईंनी त्यांची बाही ओढली. "बाहेर लोक थांबलेत."

साहेब म्हणाले बस की बसायचं, ऊठ की उठायचं, अशी सगळी नोकरी काढलेला हा माणूस. पण आज तो खुर्चीतून हलेना. "हिचं लिहिल्याशिवाय मी उठणार नाही," असं म्हणाला आणि चारचौघांसारखा रडला.

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. "यादी नाही बदलता येणार. पण मी नोंद करते. काकू, कधीपासून धूत होतात?"

कुमुदताईंनी आठवून पाहिलं. मग, घरात काही सापडेनासं झालं की गुलाबराव त्यांच्याकडे बघायचे, तशा त्या गुलाबरावांकडे बघू लागल्या.

"अहो, कधीपासून हो?"

"लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून," गुलाबराव म्हणाले. "लिहा मॅडम, मी सांगतो."