दुधासारखं पाणी

ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला सिन्नरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. गल्लीत कावीळ पसरली होती, म्हणून मी पाणी उकळूनच देत असे. एका सकाळी नळाला दुधासारखं पांढरं पाणी आलं, आणि मी अडवण्याआधीच तुमची आई, तेव्हा चार वर्षांची, ते पेलाभर प्यायली. मी तिच्या घशात बोट घालणार, तोच बाहेर पाइप जोडणारा फिटर दारातून म्हणाला, “पोरीला कशाला छळता, बाई? पेला भरून उजेडात धरा.” काचेच्या पेल्यातलं पाणी तळाकडून वर नितळत गेलं. “घाण असती तर खाली बसली असती. पाइपातली हवा हाय ती. अन् ब्लीचिंगच्या औषधाचा वास येतोय ना, मग झालं.” मी पेला खाली ठेवला. “आई, अजून पाणी दे,” तुमची आई म्हणाली. मी दिलं, पण उकळलेलं. आजही मी उकळलेलंच पिते.