ऱ्हाइनकाठचे काका

जर्मनीतल्या ऱ्हाइनगाऊ प्रांताबद्दल माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, जेवढी माहिती होती तेवढी खुद्द त्या प्रांतालाही नसावी. काका तिथे कधी गेले नव्हते आणि तिथल्या रीसलिंग वाइनचा थेंबही त्यांनी चाखला नव्हता. द्राक्षाशी त्यांचा संबंध थंडीतल्या द्राक्षासवापुरता. पण कर्वेनगरातल्या त्यांच्या हॉलमध्ये जर्मन शिकायला येणाऱ्या कंप्युटरवाल्या मुलांना क्रियापदांच्या आधी हा प्रांत पाठ करावा लागे. जेवायला बसलं की भाताचा डोंगर व्हायचा आणि पायथ्याशी आमटीची ऱ्हाइन वाहायची. "उत्तरेला निघालेली नदी इथे पश्चिमेला वळते, म्हणून हा उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातो," हे सांगून होईपर्यंत आमटी गार. "ऊन खाऊन झालं असेल तर भात खा," मावशी म्हणायची.

वर्गात उशिरा येणाऱ्याला ते, पुण्यात राहूनही, कधी बोलले नाहीत. तिकडे म्हणे द्राक्षं तोडायची परवानगी घेऊन येणारा स्वार एकदा उशिरा पोचला, द्राक्षं वेलीवरच सुकली आणि त्यांचीच सगळ्यात गोड वाइन झाली. वेळेवर येणाऱ्यांकडे मात्र काका जरा संशयानेच बघत. प्रोजेक्टवरून परतलेल्या एका मुलाने हौसेने तिथले फोटो दाखवले, तर म्हणाले, "आपण चुकीच्या काठावर उभे राहिलात."

मग त्यांची मुलगी नोकरीसाठी फ्रँकफुर्टला गेली आणि तिने दोघांची तिकिटं काढली. काकांचे गुडघे एकाएकी दुखू लागले. क्लास बुडेल म्हणाले, थंडी सोसणार नाही म्हणाले. शेवटी मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाले, "अरे, तिथे माझं जर्मन चाललंच नाही तर?" मला हसू आलं, पण ते मी आवरलं.

मावशीने त्यांना नेलंच. पुढचं तिनेच मला सांगितलं. द्राक्षमळ्यातल्या बाईंशी काका घोकून ठेवलेलं जर्मन बोलले. बाईंनी गोड हसून इंग्रजीत उत्तर दिलं. काकांनी पुन्हा जर्मनमध्ये विचारलं, पुन्हा इंग्रजी आलं. मग ते उतारावरच्या बाकावर जाऊन बसले. मावशी शेजारी बसली. म्हणाली, "माझ्याशी बोला. मला इंग्रजी येत नाही."

"ऊन उतरेपर्यंत बोलत होते रे," मावशी म्हणाली. "मला एक अक्षर कळलं नाही. पण इतकं छान बोलतात, हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं."